एक सदनिका, तीन जाहिराती : कर्वेनगरमधील पुनर्विक्रीचे एक प्रकरण

कर्वेनगरमधील वीसेक वर्षे जुन्या सहकारी गृहरचना संस्थेतील दोन बेडरूमची एक सदनिका एकाच आठवड्यात तीन मालमत्ता-संकेतस्थळांवर तीन निरनिराळ्या स्थितींत दिसत होती. पहिल्या जाहिरातीत किंमत ९८ लाख रुपये होती, शीर्षकाशेजारी ‘उपलब्ध’ असे हिरव्या अक्षरांत लिहिले होते आणि खाली एका एजंटाचा क्रमांक होता. दुसऱ्या जाहिरातीत किंमत ९२ लाख, जाहिरातदार स्वतः मालक, आणि छायाचित्रावर ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का होता. तिसरी जाहिरात ८४ लाखांची होती. त्याच हॉलची, त्याच झोपाळ्याची छायाचित्रे तिच्यात होती, फक्त त्यांवर ‘सोल्ड आउट’ अशी तिरपी पट्टी मारलेली होती. वारज्यात भाड्याने राहणाऱ्या आणि मुलाची शाळा न बदलता स्वतःचे घर घेऊ पाहणाऱ्या एका दांपत्याने पहिल्या दोन जाहिराती जपून ठेवल्या आणि तिसरी जुनी म्हणून सोडून दिली.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील माणसे आणि रकमा कल्पित आहेत; कायदे, कार्यालये, नोंदींचे नमुने आणि व्यवहाराचे टप्पे मात्र पुण्यात प्रत्यक्ष असतात तसेच घेतले आहेत. प्रकरणाचा गाभा एवढाच आहे की मालमत्तेची ‘स्थिती’ एकाच ठिकाणी लिहिलेली नसते. ती चार-पाच ठिकाणी, चार-पाच वेगवेगळे लोक, आपापल्या कारणासाठी लिहीत असतात, आणि त्यांपैकी कोणाच्या लिहिण्याला कायद्याने किंमत आहे हे ओळखणे हे खरेदीदाराचे पहिले काम असते.

जाहिरातीवरची स्थिती कोण लिहितो

खरेदीदार पत्नीचे भाऊ अमेरिकेत राहतात. त्यांनी फोनवर दिलेला सल्ला अगदी ठाम होता : “ताई, सोल्ड म्हणजे सोल्ड. ॲक्टिव्ह असेल तेच बघा.” त्यांच्या अनुभवापुरता हा सल्ला बरोबर होता. तिथे एजंट एका सामाईक नोंदव्यवस्थेत घराची नोंद करतात, तिला एमएलएस म्हणतात. घर विक्रीला असेल तर ‘ॲक्टिव्ह’, प्रस्ताव मान्य होऊन कर्ज किंवा तपासणीची अट बाकी असेल तर ‘कंटिंजंट’, अटी पुऱ्या होऊन केवळ अंतिम दस्त राहिला असेल तर ‘पेंडिंग’ आणि तोही झाला की ‘सोल्ड’. स्थिती बदलली की ठरावीक मुदतीत नोंद बदलण्याचे बंधन त्या-त्या भागाच्या एमएलएसचे नियम एजंटावर घालतात, आणि न बदलल्यास दंडही होऊ शकतो. त्यामुळे तिथे जाहिरातीवरचा शब्द आणि व्यवहाराचा टप्पा यांच्यात सहसा फार अंतर राहत नाही.

पुण्यात पुनर्विक्रीच्या सदनिकांसाठी अशी सामाईक नोंदव्यवस्था नाही. मालक एकाच वेळी चार एजंटांना सांगतो, ते चौघे आपापल्या व्हॉट्सॲप गटांत माहिती टाकतात, तिथून आणखी दोघे ती उचलतात, आणि प्रत्येक जण आपल्या पॅकेजमधली एक जागा वापरून जाहिरात लावतो. मग ‘उपलब्ध’ या शब्दाला एवढाच आधार उरतो की जाहिरातदाराची मुदत संपलेली नाही आणि त्याने जाहिरात काढलेली नाही. पैसे भरून जाहिरात वर आणली की तिच्यावरील तारीखही ताजी होते, त्यामुळे ‘आज अद्ययावत’ असे वाचून सदनिकेबद्दल आज कोणी काही तपासले असे समजू नये. विकली गेलेली सदनिकाही काही एजंट मुद्दाम ठेवतात, कारण चांगल्या भागातील कमी किमतीच्या जाहिरातीवर फोन येतात आणि आलेल्या माणसाला दुसरे काही दाखवता येते. ‘व्हेरिफाइड’चा अर्थ त्या-त्या संकेतस्थळाच्या अटींत दिलेला असतो, बहुधा तो फोन क्रमांक, छायाचित्रे किंवा जागेचे ठिकाण तपासल्यापुरता असतो. मालकी हक्क निर्वेध असल्याची ती ग्वाही नव्हे. या प्रकरणात मालकांच्या मुलाने ओटीपी देऊन क्रमांक पडताळला होता आणि तेवढ्यावर तो शिक्का मिळाला होता.

रेरा कायदा आहे ना, असा प्रश्न इथे हमखास येतो. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ९ अन्वये एजंटाने नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला जुनी सदनिका विकणे हा व्यवहार त्या चौकटीत बसत नाही. म्हणजे खोट्या स्थितीची शक्यता जिथे सर्वाधिक, नेमका तोच बाजार या कायद्याच्या देखरेखीबाहेर राहिलेला आहे.

टोकनची घाई

सदनिका पाहून झाली. पूर्वेकडची गॅलरी बंद करून तिथे अभ्यासाची खोली केलेली होती, ती दोघांनाही आवडली. परतताना लिफ्टपाशी एजंट म्हणाला, “मॅडम, फ्लॅट अव्हेलेबल आहे, ओनर सिरियस आहेत. दोन पार्ट्या बघून गेल्यात. तुम्ही आज एक्कावन्न हजार टोकन टाका, मी लगेच ॲड होल्डवर टाकतो.”

या एका वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. जाहिरात ‘होल्ड’वर जाणे ही एजंटाच्या फोनमधली हालचाल आहे. सदनिका खरेदीदारासाठी राखली जाणे हा मालकाने लेखी दिलेल्या शब्दाचा परिणाम असतो. टोकन घेतल्याची पावती, जिला आपल्याकडे विसार पावतीही म्हणतात, मालकाच्या सहीची, सदनिकेच्या पूर्ण वर्णनाची आणि व्यवहार न झाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे सांगणारी असेल तर तिला काही अर्थ आहे. एजंटाच्या खात्यावर ऑनलाइन पाठवलेले एक्कावन्न हजार म्हणजे केवळ एजंटाशी झालेला व्यवहार. दांपत्याने टोकन न देता आठवडाभर मागून घेतला. एजंट नाराज झाला, पण सदनिका कोठे गेली नाही. घाई दाखवणाऱ्या दोन पार्ट्याही नंतर कधी समोर आल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्यांनी पुनावळ्यातील एका नव्या प्रकल्पाचाही विचार केला. तिथे ‘रेडी टू मूव्ह’ आणि ‘८५ टक्के विक्री पूर्ण’ असे दोन्ही एकाच फलकावर होते. नव्या प्रकल्पाबाबत पडताळणी पुष्कळ सोपी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचे पान उघडते, नोंदणीची मुदत, मंजूर आराखडे आणि विकासकाने दर तिमाहीला द्यावयाची आरक्षणाची माहिती तिथे पाहता येते. अशी माहिती न भरणाऱ्या प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केल्याची उदाहरणे आहेत, आणि स्थगिती असताना त्या प्रकल्पाला जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. ‘रेडी’ या शब्दाला तर करातही फरक आहे : पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळण्यापूर्वी सदनिका घेतली तर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या सदनिकेवर तो ५ टक्के आहे, दाखला मिळाल्यानंतर घेतली तर लागत नाही. फलकावरची इमारत रंगवून झाली होती, पण तिच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रत विक्री कार्यालयात मिळाली नाही. दांपत्याने तो विचार तिथेच सोडला.

सूची क्रमांक दोन

कर्वेनगरच्या सदनिकेसाठी त्यांनी वकील नेमला. वकिलांनी पहिल्याच भेटीत तिन्ही जाहिराती मागितल्या आणि सर्वाधिक वेळ ‘सोल्ड आउट’वर घालवला. त्यांचे म्हणणे असे की विकाऊ असलेली वस्तू विकाऊ आहे असे सांगण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, पण विकली गेली असे लिहून कोणालाच फोन येत नाहीत. तेव्हा कोणी तरी ते लिहिले असेल तर निदान एके काळी तसे घडले असण्याची शक्यता मोठी आहे. प्रकरणाचा पुढचा सगळा भाग या निरीक्षणावर उभा राहिला, आणि अनुभवी माणूस जाहिरात कशी वाचतो याचा हा चांगला नमुना आहे.

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ई-सर्चची सोय आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या वर्षी नोंदवलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, उघडता येतो. दांपत्याने हा शोध स्वतः घरी आधीच घेतला होता आणि त्यांना काहीच सापडले नव्हते. त्यांनी गाव कोथरूड निवडले होते. या इमारतीचे दस्त मात्र हिंगणे बुद्रुक या मूळ महसुली गावाच्या नावाने नोंदवलेले होते, कारण आज आपण ज्याला कर्वेनगर म्हणतो ते त्या गावच्या हद्दीत येते. रोजच्या बोलण्यातला परिसर आणि नोंदणीतले गाव वेगळे असणे पुण्यात नवे नाही, आणि चुकीच्या गावात घेतलेल्या शोधाचे रिकामे उत्तर हे काहीच न शोधण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण माणूस निर्धास्त होतो. सदनिका क्रमांकाऐवजी सर्व्हे क्रमांक घालावा, हिश्श्याचा आकडा सोडूनही एकदा पाहावे, आणि इमारतीच्या पहिल्या करारनाम्यात गाव व क्रमांक जसे लिहिले आहेत तसेच भरावेत, अशी वकिलांची पद्धत होती.

योग्य गाव भरल्यावर चौदा महिन्यांपूर्वीचा एक दस्त निघाला. त्याच्या इंडेक्स टूमधील पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार ‘साठेखत’, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, असा होता. दुसऱ्या रकान्यात मोबदला ८४ लाख रुपये होता, म्हणजे तिसऱ्या जाहिरातीतली किंमत जशीच्या तशी. चौथ्या रकान्यात इमारतीचे नाव, मजला आणि सदनिका क्रमांक जुळत होते. सातव्या रकान्यात, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्यांच्या जागी, आजचेच मालक होते. आठव्यात, लिहून घेणाऱ्यांच्या जागी, एक अनोळखी दांपत्य. चौदावा रकाना शेऱ्याचा, तो रिकामा होता. त्यानंतरच्या महिन्यांत याच सदनिकेचा ना खरेदीखत नोंदवलेला होता, ना साठेखत रद्द केल्याचा दस्त.

पुणे शहरातला दस्त हवेली तालुक्याच्या अनेक दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणाऱ्या) कार्यालयांपैकी कोणत्याही ठिकाणी नोंदवता येतो, त्यामुळे घराजवळच्या एका कार्यालयात चौकशी करून भागत नाही, हेही इथे सांगण्यासारखे आहे. हा दस्त शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात नोंदवला गेला होता.

“तो व्यवहार केव्हाच मोडला”

विक्रेते निवृत्त गृहस्थ होते आणि त्यांनी काही लपवल्यासारखे केले नाही. विचारल्याबरोबर ते म्हणाले, “अहो, तो व्यवहार केव्हाच मोडला. त्यांना कर्जच मिळालं नाही. मी वकिलाकडून नोटीसही पाठवली. वर्ष होऊन गेलं, आता त्याचं काय?” खरेदीदार पत्नीने त्यावर विचारले, “काका, मग तुम्ही त्यांचे पैसे परत केलेत का?” तेव्हा ते जरा थांबले. दहा लाख रुपये बयाणा त्यांच्याकडेच होता. झालेल्या उशिरापोटी दोन लाख कापून आठ लाख देण्याची त्यांची तयारी होती, आणि पहिल्या खरेदीदारांनी ते नाकारले होते.

विक्रेत्यांच्या मनातली समजूत पुष्कळांच्या मनात असते : मुदत उलटली, पैसे आले नाहीत, म्हणजे करार आपोआप संपला. कायदा असे म्हणत नाही. साठेखताने मालकी जात नाही हे खरे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५४ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात तेच ठामपणे सांगितले. त्या अर्थाने विक्रेते आजही मालक होते आणि ‘उपलब्ध’ लिहिणारा एजंट शब्दशः खोटे बोलत नव्हता. परंतु साठेखतामुळे समोरच्याला करार पुरा करून मागण्याचा हक्क मिळतो. स्थावर मालमत्तेच्या करारात ठरलेली मुदत हा सहसा कराराचा प्राण मानला जात नाही. करारपूर्तीचा दावा, पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर, त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत करता येतो. या साठेखतात उरलेली रक्कम नव्वद दिवसांत द्यायची होती. तेव्हा पहिल्या खरेदीदारांच्या हातात अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) मधील २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात करारपूर्तीचा आदेश नाकारण्याची न्यायालयाची मोकळीकही पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्यांनी स्वतः पैसे उभे करण्याची तयारी ठेवली होती की नाही, हा त्या दाव्यातला मोठा प्रश्न ठरला असता. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत नव्या खरेदीदारांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या.

नव्या खरेदीदारांना ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याचीही सोय नव्हती. नंतर घेणारा माणूस प्रामाणिक असेल, त्याने पूर्ण किंमत मोजली असेल आणि त्याला आधीच्या कराराची सूचना नसेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम त्याला संरक्षण देतो. मात्र दस्त नोंदणीकृत असला की त्याची सूचना सर्वांना आहे असेच कायदा धरून चालतो, मग तुम्ही इंडेक्स टू उघडून पाहिला असो वा नसो. कोथरूडच्या रिकाम्या यादीवर विसंबून त्यांनी व्यवहार केला असता तरी कायद्याच्या नजरेत ते सगळे जाणूनच पुढे गेले असते.

वकिलांनी आणखी एक गोष्ट खणून काढली, आणि माझ्या मते ती साठेखताइतकीच मोलाची होती : पहिला व्यवहार का मोडला. पहिल्या खरेदीदारांच्या बँकेच्या मूल्यनिर्धारकाने बंद केलेली गॅलरी मंजूर नकाशात खोली म्हणून नाही, म्हणून हिशेबात धरली नाही. मूल्य खाली आले, कर्जाची रक्कम घटली, आणि मधला फरक त्यांना भरून काढता आला नाही. म्हणजे सदनिकेचा दोष तसाच होता आणि तो पुढच्या प्रत्येक कर्जदाराच्या आड येणार होता. नव्या दांपत्याकडे स्वतःची रक्कम अधिक होती, त्यामुळे कमी कर्जावरही त्यांचे भागणार होते. तरीही त्यांनी हे कारण पुढे ठेवून किंमत ९२ वरून ९१ लाखांवर आणली. एक लाख ही मोठी सूट नव्हे, पण ज्या खोलीवर त्यांचा जीव जडला होता ती कागदावर गॅलरीच आहे, हे त्यांना व्यवहाराआधी कळले.

तिघांची बैठक

मार्ग दोनच होते. एक म्हणजे सदनिका सोडून देणे. दुसरा म्हणजे पहिल्या खरेदीदारांना सोबत घेऊन साठेखत नोंदणीकृत दस्ताने रद्द करून घेणे. विक्रेत्यांनी एक तिसरा सुचवला होता : ते स्वतः नुकसानभरपाईचे हमीपत्र लिहून देतील आणि व्यवहार पुढे न्यावा. वकिलांनी तो तिथल्या तिथे बाजूला ठेवला. हमीपत्राने भांडण टळत नाही. भांडण झाल्यावर विक्रेत्यांकडून पैसे मागण्याचा हक्क तेवढा मिळतो, आणि तोवर विक्रेत्यांच्या हातात पैसे असतील याची खात्री नसते.

पहिल्या खरेदीदारांची बाजू ऐकल्यावर अडवणूक केवळ हट्टाची नव्हती हे कळले. पुण्यात पुनर्विक्रीच्या साठेखतावर, ताबा देण्याचे त्यात ठरलेले असल्यास, खरेदीखतासारखेच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते. गृहकर्ज देणाऱ्या बँकाही त्याच टप्प्यावर नोंदणीकृत दस्त मागतात. त्यांनी ७ टक्क्यांनी ५ लाख ८८ हजार रुपये शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी भरली होती. शुल्क-परताव्याच्या मुदती कडक असतात आणि परतावा मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. बयाण्यातून आणखी दोन लाख कापले जाणार असतील तर सही कशासाठी करायची, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

बैठक वकिलांच्या सदाशिव पेठेतील कार्यालयात झाली. चर्चेचा निम्मा वेळ कोणी कोणाचा फोन उचलला नाही यात गेला. तो भाग लिहिण्याजोगा नाही. तोडगा आकड्यांनी निघाला. ८४ लाखांची सदनिका ९१ लाखांना जात होती, म्हणजे मोडलेल्या व्यवहाराने विक्रेत्यांना सात लाख अधिक मिळत होते. त्यांनी दहा लाखांचा बयाणा पूर्ण परत करावा आणि मुद्रांकाच्या तोट्यापोटी दोन लाख वर द्यावेत, असे ठरले. पहिल्या दांपत्याचा तोटा भरून निघाला नाही, पण दोन वर्षे दावा चालवण्यापेक्षा त्यांना ते बरे वाटले.

पैशांचा क्रम वकिलांनी बारकाईने बांधला. नव्या खरेदीदारांचा पहिला हप्ता १५ लाखांचा होता. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, म्हणून त्यातून १५ हजार बाजूला काढले. १२ लाखांचा डिमांड ड्राफ्ट विक्रेत्यांच्या लेखी सूचनेवरून थेट पहिल्या खरेदीदारांच्या नावे काढला. उरलेले २ लाख ८५ हजार विक्रेत्यांना. ड्राफ्ट वकिलांच्या हातात राहील आणि रद्दलेखावर दुय्यम निबंधकांसमोर सह्या व अंगठे होऊन दस्त क्रमांक पडल्यावरच तो दिला जाईल, अशी अट होती. त्याच दिवशी, त्याच कार्यालयात, रद्दलेखापाठोपाठ नव्या साठेखताची नोंदणी करायची, म्हणजे दोन दस्तांच्या मध्ये तिसरा कोणाचा दस्त शिरायला जागा राहणार नाही.

त्याआधी तीन गोष्टी उरकल्या. पहिल्या खरेदीदारांच्या बँकेकडून, मंजूर कर्जापैकी एक रुपयाही दिला गेला नसल्याचे पत्र घेतले, आणि गहाण व्यवहारांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या सेरसाईवर सदनिकेवर बोजा नसल्याचे पाहिले. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा न्यायालयात दोन्ही पक्षांच्या नावांनी दावा शोधला. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहावे लागते, ते पाहिले. एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली. नोटिशीचे कारण वेगळे होते : साठेखत नोंदणीत सापडते, पण कोणी तिसऱ्याने साध्या कागदावर टोकन दिले असेल तर ते कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही. नोटिशीला हरकत आली नाही म्हणजे कोणाचा हक्क नाहीच असे सिद्ध होत नाही, परंतु खरेदीदाराने शक्य ती चौकशी केली एवढे तरी कागदावर राहते.

नोंदणी आणि त्यानंतर

नोंदणीच्या दिवशी एक लहानसा अडथळा आला. रद्दलेखात मूळ साठेखताचा दस्त क्रमांक बरोबर होता, पण कार्यालयाचा हवेली क्रमांक चुकला होता. वकिलांच्या कारकुनाच्या ते वेळीच लक्षात आले म्हणून पान बदलून घेतले. तसाच नोंदवला गेला असता तर रद्दलेख दुसऱ्याच कार्यालयातल्या त्याच क्रमांकाच्या दस्ताकडे बोट दाखवत राहिला असता आणि चूकदुरुस्तीच्या दस्तासाठी त्या नाराज दांपत्याला पुन्हा बोलवावे लागले असते. दुपारपर्यंत दोन्ही दस्तांना लागोपाठचे क्रमांक मिळाले. पहिल्या दांपत्याकडून साठेखताची मूळ प्रत वकिलांनी मागून घेतली आणि ती कागदपत्रांच्या संचात लावली. ती त्यांच्याकडेच राहू देणे हा असल्या व्यवहारांतला नेहमीचा निष्काळजीपणा आहे.

नव्या साठेखतावर ९१ लाखांच्या ७ टक्क्यांनी ६ लाख ३७ हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी गेली. बँकेच्या मूल्यनिर्धारकाने अपेक्षेप्रमाणे गॅलरी वगळली. कर्ज तेवढ्याने कमी झाले आणि फरक दांपत्याने ठेवी मोडून भरला. संस्थेच्या सचिवांनी हस्तांतरणासाठी पन्नास हजारांचा विकासनिधी मागितला होता. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे आणि देणगीच्या नावाने त्यावर रक्कम घेता येत नाही, हे लेखी कळवल्यावर संस्थेने २५ हजारांची पावती दिली आणि भागपत्रावर नवे नाव चढवले.

सहा आठवड्यांनी खरेदीखत झाले आणि ताबा मिळाला. मूळ कागदपत्रे बँकेकडे जमा करून गहाण ठेवल्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, तीस दिवसांच्या आत दाखल करण्याचे बंधन महाराष्ट्रात कर्जदारावर आहे. दांपत्याने ती बाविसाव्या दिवशी दाखल केली, आणि तिची पावती बँकेच्या फाइलमध्ये लागल्यावर वकिलांनी आपले अंतिम देयक पाठवले.